मारकड सरांचा तुर्की शब्द

मारकड सरांच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नाही. त्यांना ती लागतच नसे. त्यांच्याकडे 'बॉश' नावाचा एक इंग्रजी शब्द होता. त्या एका शब्दावर त्यांनी आमच्या हायस्कुलातली सगळी नोकरी काढली, निवृत्तीनंतरची वर्षं काढली आणि तालुक्यातल्या अर्ध्या पुढाऱ्यांशी वाकडं घेतलं. उरलेल्या अर्ध्यांना त्या शब्दाचा अर्थ शेवटपर्यंत कळला नाही, म्हणून ते सरांना मानत राहिले.

आमचं गाव परंडा तालुक्यात, कुर्डुवाडीच्या रस्त्याला लागून. सर मेंढपाळाच्या घरातले. बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा आणि सर त्या मेंढरांमागं चालत इंग्रजी शब्द पाठ करायचे. मास्तर झाल्यावरही त्यांची चाल तीच राहिली, हात पाठीमागं आणि नजर कळपाच्या कडेला. वर्गात ते नावानं हजेरी घेत नसत. दारात उभं राहून दोन बोटांनी जोडीजोडीनं पोरं मोजत आणि म्हणत, "दोन कमी हायत. एक तळ्यावर आसंल, दुसरा त्येला हुडकायला गेला आसंल." हे बहुतेक वेळा खरं निघायचं. शर्टाच्या खिशात दोन पेनं असत, एक निळं आणि एक लाल. निळं पेन कुणालाही उसनं मिळे, लाल मात्र ते हेडमास्तरांनाही देत नसत.

त्या लाल पेनानं ते आमच्या निबंधांच्या समासात बॉश लिहीत. आठवीत असताना मी 'माझी आई' या विषयावर इंग्रजीत निबंध लिहिला होता. गाईडातून जमेल तेवढा उतरवला होता. माझी आई प्रेमाचा सागर आहे, बॉश. माझी आई त्यागाची मूर्ती आहे, बॉश. ती पहाटे उठते, ही ओळ त्यांनी सोडून दिली होती. शेवटी जागा उरली म्हणून मी मनानं एक वाक्य घातलं होतं, की पाऊस आला की माझी आई शेळीला घरात घेते आणि वडिलांना ओसरीवर झोपायला सांगते. त्यातलं व्याकरण चारी बाजूंनी चुकलेलं होतं. सरांनी त्या वाक्याखाली दुहेरी रेघ ओढली आणि सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं.

"ह्या पोराची आई मला दिसली," ते म्हणाले. "बाकीच्यांच्या आया कुठं हायत?"

त्याच तासाला त्यांनी आम्हाला त्या शब्दाचं मूळ सांगितलं. त्यांच्याकडे एक जुना जाडजूड शब्दकोश होता, पुठ्ठा गेलेला, शिलाई सुटलेला. कुठल्याशा निवृत्त वकिलाची रद्दी धाराशिवच्या बाजारात आली होती, तिच्यात तो त्यांना मिळाला होता. सर म्हणाले, शब्द तुर्की आहे आणि तिकडं त्याचा अर्थ रिकामं. कुणा विलायती लेखकानं तुर्कांच्या गोष्टीत तो वापरला, लोकांना आवडला, आणि इंग्रजांनी आपल्या सवयीप्रमाणं ठेवून घेतला. तुर्क घराला, भांड्याला रिकामं म्हणत होते, इंग्रज बोलण्याला म्हणू लागले.

"म्हणजे खोटं का, सर?" कुणीतरी विचारलं.

"न्हाय. खोटं बोलणाऱ्याला खरं ठाऊक आसावं लागतंय, त्येवढी तरी मेहनत त्येची आसती. बॉश बोलणाऱ्याला कशाचीच गरज न्हाय."

हे ते गावठीत सांगत, कारण इंग्रजीतून सांगितलं तर आम्हाला कळलं असतं असं नाही. पुढं शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांपुढंही त्यांनी हेच केलं. साहेबांनी आम्हाला उन्हात बसवून 'आजचा विद्यार्थी, उद्याचा नागरिक' यावर बराच वेळ समजावलं. मागं उभे असलेले सर अगदी शांतपणे, वर्गात म्हणत तसंच, "बॉश" म्हणाले. साहेब थांबले. हेडमास्तरांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. साहेबांनी विचारलं, "काय म्हणालात?" सरांनी अदबीनं मूळ, अर्थ, तुर्कस्तान, विलायत असं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि जाताना भेटबुकात शेरा मारला, 'इंग्रजी शिक्षकांचा शब्दसंग्रह समाधानकारक आहे.' हेडमास्तरांनी नंतर तो शेरा मोठ्या अक्षरांत लिहून कार्यालयात लावला.

निवृत्तीनंतर त्यांना एक दिवस फोन आला. त्यांचाच एक विद्यार्थी, इंग्रजीत चार वेळा नापास झालेला, वेल्डिंग शिकून आखातात गेला होता. तो फोनवर ओरडत होता, "सर, तुमचा शब्द इथं हाय! आमचा मुकादम तुर्की हाय. टाकीतलं पाणी संपलं की टाकी वाजवतो आन म्हणतो, बॉश! बॉश!"

सरांनी ही बातमी गावभर सांगितली. पारावर, सलूनमध्ये, एसटीच्या थांब्यावर. इतकी वर्षं पुस्तकात पाहिलेला शब्द कुणीतरी खऱ्या टाकीवर हात मारून म्हणाला, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. "टाकी रिकामी आसणं गुन्हा न्हाय," ते मला म्हणाले, "तुर्क सरळ सांगतो, रिकामी हाय म्हणून. आपली माणसं रिकाम्या टाकीची तोटी सोडून समोर बादली लावून बसत्यात."

आता माझ्याबद्दल थोडं सांगावंच लागेल, कारण सरांच्या दुःखात माझाही हात आहे. मी त्यांचाच विद्यार्थी आणि आता त्यांच्याच शाळेत मास्तर आहे. देवानं मला आवाज बरा दिला. त्यामुळं गावातले सत्कार, वाढदिवस, उद्घाटनं, सगळीकडे सूत्रसंचालन माझ्याकडं आलं, आणि मग मातीही आली. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या मातीला जायचं असतं, आणि मातीला गेलं की भाषणं ऐकायची असतात. सरणाला अग्नी दिला की मंडळी ओढ्याच्या काठी उतरत्या जागेवर बसतात आणि मी ग्रामपंचायतीचा चाकांचा स्पीकर पुढं ओढून एकेकाचं नाव पुकारतो. सरपंच, चेअरमन, पक्षाचे, दुसऱ्या पक्षाचे, भावकीतले. प्रत्येकजण दोन शब्दांसाठी येतो आणि प्रत्येकजण पोकळीवर संपवतो. त्यांच्या जाण्यानं कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. आमच्या गावात इतक्या पोकळ्या निर्माण झाल्या आहेत की गाव उभं आहे याचंच नवल वाटावं.

सर मला म्हणायचे, "सुधाकर, शेळीचं वाक्य लिवलं व्हतंस तू. आन आता पोकळीचा ठेकेदार झालास." मी हसून घ्यायचो. खरं सांगायचं तर ते मला लागायचं.

सरांचं घर ओढ्याकडं जाणाऱ्या वाटेवरच होतं. त्यामुळं प्रत्येक मातीचं प्रत्येक भाषण त्यांच्या अंगणात स्वच्छ ऐकू यायचं. आमच्याकडे बाया ओढ्यापर्यंत येत नाहीत. सरांच्या मंडळी, ज्यांना आम्ही सगळे नुसतं मावशी म्हणायचो, पुढ्यात निवडायचं काहीतरी घेऊन अंगणात बसायच्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी भाषणं ऐकायच्या. सर मातीला गेले नसले तर शेजारी खुर्चीवर बसून दर भाषणाला बॉश म्हणायचे आणि मावशी दर भाषणाला डोळ्याला पदर लावायच्या. दोघंही एकच भाषण ऐकतायत यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

मावशींना अक्षर येत नव्हतं. बोलणं मात्र मोजकं आणि नेमकं. सर गावभर बॉश वाटत फिरत आणि घरी आले की मावशी विचारत, "आज कुणाशी वाकडं घेतलं? म्हंजी त्येंच्या घरी हळदीकुकवाला जायचं का न्हाय, ते कळंल."

या भाषणांत सगळ्यात मोठं नाव माजी सभापती अण्णासाहेबांचं. आवाज भरदार, थांबायच्या जागा ठरलेल्या, आणि पोकळी आधी गावात, मग तालुक्यात, मग जिल्ह्यात अशी वाढवत न्यायची त्यांची पद्धत. मयताच्या घरच्यांना अण्णासाहेब बोलून गेले की माती पार पडली असं वाटायचं. ते एका दिवसात दोन-दोन, तीन-तीन गावं करत, त्यामुळं मी आधीच त्यांच्या हातात मयताचं नाव लिहिलेली चिठ्ठी देत असे.

घोटाळा झाला तो गोदाक्काच्या मातीला. अण्णासाहेब शेजारच्या गावातली एक माती उरकून घाईत आले, चष्मा गाडीत राहिला, माझी चिठ्ठी न वाचताच त्यांनी खिशात घातली आणि माईक घेतला. सरण पेटलेलं होतं, मयत कुणाचं हे दिसायचा प्रश्न नव्हता. त्यांनी आधीच्याच गावचं भाषण पुढं चालू केलं. ते पक्षाचे निष्ठावंत पाईक होते, ते हाडाचे शेतकरी होते, कुस्तीचा फड त्यांच्यावाचून सुना झाला, त्यांच्या पश्चात पत्नी आणि दोन मुलं आहेत. गोदाक्काची तिन्ही लेकरं समोर बसली होती. कुणी हूं की चूं केलं नाही. मीही केलं नाही. माईक माझ्या हाताच्या अंतरावर होता आणि मी खाली मान घालून उभा राहिलो, याची मला आजही लाज वाटते.

सर उठले. "बॉश," ते म्हणाले. मग अण्णासाहेबांना अर्थ कळावा म्हणून मराठीत म्हणाले, "अण्णासाहेब, मयत बाई हाय. कुस्ती खेळत न्हवती."

कुणीतरी हसलं. मातीत हसू फुटणं याच्यासारखी दुसरी बेअब्रू नाही. अण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला आणि माईक चालूच आहे हे विसरून ते ओरडले, "मास्तर! ध्यानात ठेवा. तुमच्या घरच्या मातीला हा अण्णा तोंड उघडणार न्हाय. एक शबुद बोलणार न्हाय!"

ते गावभर ऐकू गेलं, आणि अर्थातच ओढ्याच्या वाटेवरच्या अंगणातही गेलं.

मी सरांबरोबर परत आलो. सर जिंकल्यासारखे चालत होते. मावशी अंगणात उभ्या होत्या, सूप खाली पडलेलं.

"माझी माती मुकी करून आलाव व्हय?" त्या म्हणाल्या.

सरांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, "अगं, गोदाक्काला त्येनं पैलवान केला! म्या गप बसू का?"

"तुमी गोदाक्काचं बरं केलं. माझं काय? माझ्या वक्ताला कोण बोलणार?"

"नको बोलू दे की. रिकामं बोलणं ते. काय आसतंय त्येच्यात?"

मावशी खाली बसल्या आणि सांडलेली तूर गोळा करायला लागल्या. बोलताना त्यांनी मान वर केली नाही. "तुमचा निरोपसमारंभ झाला तवा मला लुगडं दिलं. पुकारलं काय, तर मारकड सरांच्या सौभाग्यवती. माझं नाव सोजर हाय ते मी आन माझी आई सोडून कुणाला ठावं? येकदा माईकवरनं पडू दे म्हणलं. सगळ्यास्नी पोकळी झाली म्हणत्यात. माझी होऊ न्हाय व्हय?"

"अगं, ते सगळ्यास्नी त्येच म्हणत्यात," सर म्हणाले. "म्हणून तर रिकामं."

"आसंना रिकामं. घागर बाजारातनं रिकामीच आणतू न्हवं आपण? भरायची घरी आसती."

सर वाकून मावशींबरोबर तूर वेचू लागले. मी चहा न पिताच निघालो.

त्यानंतर सर बदलले, असं म्हणायचा मोह होतो. तसं काही झालं नाही. ते पारावर पेपर वाचून बॉश म्हणतच राहिले. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर 'युगपुरुष' लिहिलेलं होतं, त्याच्याखाली उभं राहून त्यांनी मला विचारलं की ह्या युगात आणखी कोण कोण गैरहजर होतं. पण अण्णासाहेबांचं नाव निघालं की ते विषय बदलत. आणि अण्णासाहेब आमच्या गावात मातीला आले की सर घरातून बाहेर पडत नसत. मावशी मात्र अंगणात बसून ऐकायच्या, पण आता त्यांचा पदर डोळ्याला जात नसे. आवतण नसलेल्या घरी शेजारच्या पंगतीचा आवाज ऐकावा तशा त्या ऐकायच्या. मला ते बघवत नसे.

मावशींच्या पोटात गाठ निघाली. बार्शीला दाखवलं, सोलापूरला दाखवलं. डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं. सरांनी ते मावशींना जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यांना दुसरं काही सांगता येत नव्हतं. मावशींनी मुरुमला दिलेली लेक बोलावून घेतली. पुढच्या महिन्यात, एका सकाळी, त्या गेल्या.

मी पोचलो तेव्हा सर ओसरीवर बसले होते. माझ्याकडं बघून म्हणाले, "सुधाकर, अण्णासाहेबांना फोन लाव." मी लावला आणि बोलायला लागलो, तर त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"अण्णासाहेब, मी मारकड मास्तर. आमची सोजर गेली. मातीला या." पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सर म्हणाले, "व्हय. चुकलं माझं. तिथं बोलायला नको व्हतं, खाली बसून कानात सांगायला पायजे व्हतं. या तुमी."

साहेबापुढं न वाकलेला माणूस, मी त्याला फोनवर माफी मागताना ऐकलं. माझे डोळे भरून आले आणि मी स्पीकर आणायच्या निमित्तानं तिथून उठलो.

मातीनंतर सर लेकीबरोबर मुरुमला गेले, आणि पुढच्याच वर्षी तिकडंच वारले. आम्हाला कळलं तेव्हा तिसरा दिवसही होऊन गेला होता. त्यामुळं मी सरांना शेवटचं पाहिलं ते ओढ्याच्या काठी, मावशींच्या मातीला.

अण्णासाहेब आले होते. चष्मा लावून आले होते. माझी चिठ्ठी त्यांनी वाचली, दोनदा वाचली. सरपंच बोलले, चेअरमन बोलले, पण सरांकडं बघत, चाचरत, मोजून मापून बोलले. सगळ्यांनाच भीती की मास्तर कुठल्या शब्दाला उठतील. सोजरबाई हे नाव घ्यायचं सोडून मावशींविषयी ते सगळं बोलले. मग मी अण्णासाहेबांना पुकारलं.

अण्णासाहेबांनी माईक घेतला. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात नाही, साध्याच आवाजात म्हणाले, "मी एकदा मत मागायला ह्यांच्या घरी गेलो होतो. मास्तर नव्हते. बाईंनी ताक दिलं. म्हणलं, मत देणार का? तर म्हणाल्या, आधी ताक प्या, ऊन लई हाय. मत दिलं का नाही, मला माहीत नाही. ताक चांगलं होतं. वाईट झालं." आणि त्यांनी माईक माझ्या हातात दिला.

इतकी वर्षं मी त्यांना ऐकत आलो होतो, पण हे त्यांचं पहिलं खरं भाषण. सरांनी वर्गात दुहेरी रेघ ओढून वाचून दाखवलं असतं असं. मी सरांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

सर उठले. राखेच्या उडत्या कणांतून हळूहळू चालत पुढं आले आणि अण्णासाहेबांपुढं हात जोडून उभे राहिले.

"चांगलं बोललाव, अण्णासाहेब," ते म्हणाले. "पर पोकळीचं ऱ्हायलं."

अण्णासाहेबांना ती टिंगल वाटली. "मास्तर, आज तरी नको," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"टिंगल न्हाय. तिनं मागितलंय. नाव घिऊन बोला. गावापासनं सुरू करा आन जिल्ह्यापतूर जावा, तुमी जाताव तसं. काही गाळू नका."

अण्णासाहेबांनी सरांच्या तोंडाकडं पाहिलं. मग माझ्याकडून माईक परत घेतला, चष्मा काढून खिशात ठेवला, छाती भरून घेतली, आणि तो भरदार आवाज ओढ्यापार गेला.

"कैलासवासी सोजरबाई बाबूराव मारकड! सोजरबाईंच्या निधनानं आपल्या ह्या गावात, गावातच नव्हे तर परंडा तालुक्यात, तालुक्यातच नव्हे तर संबंध धाराशिव जिल्ह्यात कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली आहे!"

सर माझ्या शेजारी मान खाली घालून ऐकत होते.

"झाली," ते म्हणाले, आणि जाऊन भावकीतल्या माणसांमधे, खाली मातीवर बसले.